अर्धापूरकर आणि इतर

१

“कुमू, तारा गेला.”

मी कोर्टात निघायच्या गडबडीत होते. काळा कोट एका बाहीत, दुसऱ्या हातात चहाचा कप. दारात दमाक्का उभी. दोन पायांत दोन वेगळ्या चपला आणि केस मोकळे. माझी ही मावसबहीण वेणी घातल्याशिवाय कधी फाटकाबाहेर पडलेली नाही.

कोणता तारा, असं मी विचारलं नाही. आक्काकडे तारा एकच होता, आणि तो काचेवर होता.

डॉ. दमयंती वसमतकर तरुणपणी मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कणभौतिकीत संशोधन करायची. हैदराबादहून मोठाले फुगे आकाशात सोडत. फुग्याखाली फोटोच्या जाड थरांची चळत बांधलेली असे. आभाळातून येणारे कण त्या थरांमधून आरपार जात आणि मागे रेघा सोडत. चळत खाली आली की थर सुटे करून, धुऊन, एकेका काचेवर चढवायचे आणि मायक्रोस्कोपखाली महिनोन्महिने तपासायचे. एखादा कण फुटला असेल तर एका बिंदूतून चहूकडे रेघा गेलेल्या दिसतात. हे लोक त्याला तारा म्हणतात. तारे पुष्कळ सापडतात, पण आक्काला सापडला तसा आधी कुणालाच सापडला नव्हता. त्यावर लेख निघाला आणि पुढची वीस वर्षं जगभरचे शास्त्रज्ञ त्या लेखाचे दाखले देत राहिले.

मग मावशी अंथरुणाला खिळली. आक्का मुंबई सोडून आदिलाबादला आली आणि इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवू लागली. प्रयोगशाळेने जुन्या काचा मोडीत काढल्या तेव्हा तिने आपली पेटी मागून घेतली.

आम्ही तडक कॉलेज गाठलं. लॅबमधल्या टेबलावर लाकडी पेटी उघडी होती. खाचांमध्ये काचा उभ्या, प्रत्येकीवर आकडा कोरलेला. बेचाळीस होती, चव्वेचाळीस होती. मधली खाच रिकामी.

“कपाट?”

“कुलूप साबूत हाय. किल्लीनंच उघडलं कोनीतरी. काल दुपारी मीच पुसून ठेवली होती व, ती प्लेट, सुधाकररावांना दाखवायची म्हणून.”

सुधाकरराव पुण्याचे. देशातल्या या सगळ्या संशोधनाचा एक मोठा ग्रंथ ते संपादित करत होते. त्यात आक्काच्या ताऱ्याचा पानभर फोटो जाणार होता आणि फोटोखाली एक ओळ: हा तारा कुणी शोधला. लेखाचे पहिले लेखक डॉ. शरदचंद्र अर्धापूरकर यांनी कळवलं होतं, मी शोधला. आक्काने कळवलं होतं, मी. सुधाकररावांनी सरळ सांगितलं, काच दाखवा. कारण मुंबईत रीत अशी होती, की ज्याला तारा सापडेल त्याने काचेवर शाईचं बारीक वर्तुळ काढून शेजारी आपली खूण करायची. आक्काची शाई हिरवी. त्रेचाळीस नंबरच्या काचेवर ती खूण होती.

आज संध्याकाळी कॉलेजात अर्धापूरकरांचा सत्कार होता. सुधाकरराव सकाळीच येऊन गेस्ट हाऊसवर उतरले होते आणि सत्काराआधी लॅबमध्ये येणार होते. काच नसेल तर पहिल्या लेखकाचं नाव छापतो, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

“शिनाख्त काय काचेची?” मी वकिली सवयीने विचारलं. “आकडा सोडून दुसरी काही ओळख?”

आक्का घुटमळली. “एक कोपरा उडालेला हाय. मुंबईहून आणताना इचोड्याच्या स्टँडवर हमालानं पेटी टपावरून सोडून देली. कोनाले सांगितलं नाई मी. मुंबईत प्लेट पाडणाऱ्याचं लोक तोंड पाहत नसत. मीनाक्षीले बी हात लावू देत नाई मी या पेटीले.”

मग ती स्टुलावर बसली आणि एवढंच म्हणाली, “एक ओळ होती कुमू. एकच ओळ मागितली होती मी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोट मी तिथेच खुर्चीवर टाकला. त्या दिवशी कोर्टाला माझ्याशिवाय चालवून घ्यावं लागणार होतं.

२

कपाटाच्या किल्ल्या तीन. एक आक्काकडे, एक लॅब सांभाळणाऱ्या मीनाक्षीकडे, एक प्रिन्सिपॉल उद्धवरावांच्या दफ्तरात, म्हणजे ऑफिसात.

मीनाक्षी आक्काचीच विद्यार्थिनी, आता तिथेच लेक्चरर. हैदराबादला जागा निघाली होती आणि त्यासाठी तिने अर्धापूरकरांची शिफारस मागितली होती, हे मला ठाऊक होतं. मी तिला कोपऱ्यात घेतलं.

“शिफारस मिळाली?”

“वकीलबाई, तुम्हाले काय म्हणायचं ते सरळ म्हणा ना.” तिचे डोळे लाल होते, पण आवाज चढलेला. “मी मॅडमची प्लेट चोरीन? हैदराबादच्या लायब्ररीत दोन दिवस उभी राहून मॅडमसाठी दाखले मोजून आली ते मी, आनि मीच चोरीन?”

“कसले दाखले?”

तेव्हा तिने मला समजावलं, आणि ते ऐकून माझा राग दुपटीने वाढला. जगात कुणी कुणाच्या लेखाचा आधार घेतला याची मोजदाद असलेले जाडजूड खंड मोठ्या लायब्ररीत येतात. शास्त्रज्ञाची किंमत आता त्यावरून ठरते. पण त्या खंडांत प्रत्येक लेख फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली असतो. बाकीचे सगळे गडप. आणि आक्काच्या गटात लेखावरची नावं कामाप्रमाणे लागत नसत, आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे लागत. या लोकांत तशीच पद्धत आहे. अर्धापूरकर, रंगय्या, वसमतकर. रंगय्या बिचारे केव्हाच वारले.

“अर्धापूरकर म्हणून पाह्यलं तर रकानेच्या रकाने भरले हायत,” मीनाक्षी म्हणाली. “वसमतकर म्हणून पाह्यलं तर एक बी नाई. त्या लेखाचा एक बी दाखला नाई मॅडमच्या नावावर. आनि लोक लिहितात कसं? अर्धापूरकर आनि इतर. बस्स.”

म्हणजे बघा. एकाचे पूर्वज अर्धापूरला राहिले आणि दुसरीचे वसमतला. एका बसचं अंतर! तेवढ्यावर एक जण हैदराबादेत बंगला, पदव्या, हारतुरे घेऊन बसला आणि दुसरी आदिलाबादेत पोरांच्या वह्या तपासत म्हातारी झाली. देवाघरचा न्यायही याहून बरा असतो म्हणायची वेळ आली.

पण राग आला म्हणून संशय सुटत नाही. मीनाक्षीकडे किल्ली होती, गरजही होती. काल संध्याकाळी कुठे होतीस, विचारलं तर म्हणाली, जैनथला बहिणीकडे. साक्षीदार बहीणच. कोर्टात मी असल्या साक्षीच्या चिंध्या केल्या आहेत.

मी परत वळले तर आक्का पेटीवर वाकून बसली होती. काचांच्या कडांवरून तिचं बोट एकेक आकडा मोजत फिरत होतं. एकदम ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

“कुमू,” ती म्हणाली, “चोर अडाणी हाय.”

३

“भाकरीची चळत घे,” आक्का म्हणाली. “तिच्यात दाभण खुपस. मंग मधली एक भाकर काढून फेकून दे. भोक गेलं का?”

“वरच्या-खालच्या भाकरींत राहीलच.”

“तसंच हाय हे. उडताना हे सगळे थर एकावर एक होते. तारा त्रेचाळीसमधे फुटला, पण त्याच्या रेघा तिथं संपत नाईत. काही बेचाळीसमधे शिरल्या, काही चव्वेचाळीसमधे, एक तर पार लांबवर गेली. एकेक काच लावून मी त्या रेघांमागं वर्षभर फिरली. काम ते होतं. तारा दिसणं हे नशीब, रेघा शेवटापर्यंत नेणं हे काम. ज्यानं हे काम एकदा बी केलं तो नुसती त्रेचाळीस नेणार नाई. तो आख्खी पेटी उचलीन.”

“मग त्रेचाळीसच का नेली?”

“लेखातल्या फोटोखाली तोच नंबर छापलेला हाय. फोटो पाहणाऱ्या कोनाले बी तेवढा ठाऊक.”

मीनाक्षी माझ्याकडे बघत होती. तिला आक्काने सरावाच्या काचांवर रेघा पकडायला शिकवलं होतं. तिला चोरी करायचीच असती तर शेजारच्या काचा तिने सोडल्या नसत्या. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला, आणि मला ते आवडलं.

अर्धापूरकर तर या विद्येतले जगन्मान्य पुरुष. हातात किल्ली नाही, गावात पाऊलही नाही. कालपासून इचोड्याला नातलगांकडे मुक्काम, दुपारी गाडीने येणार, असं निमंत्रणपत्रिकेतच छापलं होतं. ते सुटले.

उरले प्रिन्सिपॉल उद्धवराव. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलेली, मायक्रोस्कोपशी देणंघेणं नाही, आणि अर्धापूरकरांच्या ओळखीने सरकारकडून नवी इमारत मिळवायचा ध्यास. दफ्तरात किल्ली.

मी त्यांच्या दफ्तरात गेले. बाहेर मांडवाचे खांब ठोकणं चाललं होतं आणि साहेब हाराची फुलं निवडत होते.

“काल संध्याकाळी लॅबची किल्ली कुणाला दिली होती?”

त्यांच्या हातातला झेंडू खाली पडला. “किल्ली? नाई बा. किल्ली इथंच हाय. काऊन?”

“दमाक्काची काच चोरीला गेली.”

चोरीची बातमी ऐकून माणूस आधी ‘कधी’ विचारतो, ‘कशी’ विचारतो. उद्धवरावांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला आणि ते खुर्चीत टेकले. “वकीलबाई, आज नका. हात जोडतो. आज कलेक्टर येऊन राह्यले. उद्या तुमी म्हणान ते करू.”

“उद्या छापून जाईल दुसऱ्याचं नाव!”

“मले काही ठाऊक नाई,” ते म्हणाले आणि पुन्हा फुलांकडे वळले. हाराच्या सुईत दोरा काही केल्या जाईना.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अर्धापूरकर आले होते.

४

गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात त्यांनी मला वेतखुर्ची दिली. पांढराशुभ्र बुशशर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, आवाज रेडिओवर बोलावा तसा गोल.

“दमयंतीची काच हरवली असं ऐकलं. वाईट झालं,” ते म्हणाले. “पण मला त्यात ओढू नका. मी आत्ता इचोड्याहून येतोय.”

“तारा कुणाला सापडला, साहेब?”

“वकीलबाई, विज्ञान तुम्हाला कसं समजावू? तिथे पुष्कळ मुली होत्या, मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या. डोळे त्यांचे, विचार आमचा. रेघ दिसणं वेगळं आणि तिचा अर्थ कळणं वेगळं.”

“दमाक्का डॉक्टरेट होती. मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या मुली म्हणून हिणवताय कुणाला?”

“रागावू नका. मी तिची कदर करतो. पण ती काम सोडून गेली ना? आई आजारी, घर, संसार…”

“संसार केलाच नाही तिने.”

“तेच ते. संशोधन म्हणजे आयुष्य द्यावं लागतं. मी दिलं. माझ्या लेखांचे जगात किती दाखले आहेत, मोजा कधी. आणि तुम्ही वीस वर्षांपूर्वीच्या कोपरा उडालेल्या एका काचेपायी माझी उलटतपासणी घेताय?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “सत्काराला या. दमयंतीलाही आणा. मी तिचा उल्लेख करीन भाषणात. सहकारी म्हणून.”

सहकारी म्हणून! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. वकिलाने तोंड सांभाळावं असं म्हणतात. मला ते कधी जमलं नाही. दाणदाण पाय आपटत फाटकाबाहेर पडले आणि घरी जायला रिक्षात बसले.

राग डोळ्यांवर आला की माणसाला ऐकू कमी येतं. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता, रिक्षावाला हिंदीत सगळ्यांच्या आयांचा उद्धार करत होता, आणि मी मनातल्या मनात अर्धापूरकरांचं प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणून त्यावर जळत होते. डोळे त्यांचे, विचार आमचा. संशोधन म्हणजे आयुष्य. वीस वर्षांपूर्वीच्या…

“रिक्षा फिरवा,” मी ओरडले. “कॉलेजला!”

५

काचेचा कोपरा मुंबईत उडालेला नव्हता. तो उडाला इचोड्याच्या स्टँडवर, आक्का पुढे पेटी घेऊन मुंबईहून येत असताना. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पेटी दुसऱ्या कुणी उघडत नव्हतं. अर्धापूरकरांनी ती काच पाहिली असेल तर मुंबईत, धडधाकट. मग कोपरा उडालेला त्यांना कसा ठाऊक? काल ती काच हातात धरली असेल तरच.

हे मी उद्धवरावांच्या टेबलावर दोन्ही हात टेकून सांगितलं. या वेळी दार आतून लावून घेतलं होतं.

“तुम्ही बोला, नाहीतर कलेक्टरांसमोर मी बोलते. किल्ली तुमची आणि काच गेलेली. चोरीत सामील कोण ठरतं ते कायदा सांगेल.”

उद्धवरावांनी रुमालाने तोंड पुसलं. मग ते एकदम लहान पोरासारखे रडवेले झाले.

“काल सांजेला आले होते अर्धापूरकर सार. इचोड्याहून गाडी घेऊन, एकटेच. म्हणले, उद्धवराव, उद्या गर्दी राहील, मले माही जुनी प्लेट एकदा एकट्यालेच पाहू द्या. कोनाले सांगू नका, उद्या वाजतगाजत यायचं हाय. मी किल्ली देली. मले वाटलं, मोठा मानूस हाय, जुन्या आठवणी येत असतील. मी भाईर थांबलो. जरा वेळानं आले, माह्या खांद्यावर हात ठेवला आनि इमारतीचं काम करून देतो म्हणले.”

“आणि सकाळी चोरी कळल्यावरही गप्प बसलात.”

“बिल्डिंग पाह्यजे होती व, वकीलबाई. पोरं व्हरांड्यात बसतात.”

त्या क्षणी मला त्यांची दयाही आली आणि कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही आवरून मी लॅबकडे धावले आणि आक्काला सगळं सांगितलं.

“पण एक बसत नाही,” मी म्हणाले. “तूच म्हणालीस चोर अडाणी आहे. हे तर या कामातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांना शेजारच्या काचांचं ठाऊक नसेल कसं?”

आक्का खिडकीशी जाऊन उभी राहिली. परत वळली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका लाल झाला होता.

“कुमू, वर्षभर मी रात्रंदिवस त्या रेघांमागं होती. हा मानूस दौऱ्यावर असे, दिल्लीला, परदेशात. लेख मी लिहिला. रंगय्यांनी हिशोब तपासले. यानं सही केली. मले वाटे, निदान वाचून केली असेल.”

६

दुपार कलली तेव्हा आम्ही सगळे लॅबमध्ये होतो. सुधाकरराव उंच, हडकुळे, खांद्याला कापडी पिशवी. अर्धापूरकर आधीच हाराची वाट बघत असल्यासारखे ताठ उभे. मीनाक्षी मायक्रोस्कोपजवळ. उद्धवराव दाराशी, पळून जाता येईल असे.

“काच नाही असं कळलं,” सुधाकरराव म्हणाले. “मला खेद वाटतो, दमयंतीबाई. पण आता माझ्याकडे इलाज नाही.”

“एक प्रश्न विचारू द्या,” मी म्हणाले. “अर्धापूरकरसाहेब, मी या विषयात ढ आहे. त्या ताऱ्याच्या पाच रेघा होत्या. त्यातल्या किती त्याच काचेत संपल्या?”

“सगळ्या,” ते लगेच म्हणाले. “फोटोत स्पष्ट दिसतं. पाचही.”

सुधाकररावांनी मान वर केली. “पाचही?”

“अर्थात. म्हणून तर तो फोटो इतका गाजला.”

सुधाकररावांनी पिशवीतून जुन्या लेखाची प्रत काढली, पान उलटलं आणि वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. “इथे लिहिलंय, दोनच रेघा त्या काचेत संपतात. तीन बाहेर जातात. त्यांचा शेजारच्या काचांमधून शेवटपर्यंत पाठलाग केला आहे. सगळा निष्कर्ष त्या तीन रेघांच्या लांबीवर उभा आहे.” ते थांबले. “साहेब, हा तुमचा लेख आहे.”

मला वाटतं, माझ्या वकिलीत मी एवढा आनंद कधी भोगला नसेल, आणि एवढा संतापही. ज्या लेखावर या माणसाचा बंगला उभा होता तो त्याने वाचलाही नव्हता. इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

आक्काने चव्वेचाळीस नंबरची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, चाक फिरवलं आणि बाजूला झाली. सुधाकरराव वाकले.

“हिरवा ठिपका आहे. शेजारी खूण. आणि त्यातून… हो, रेघ आत येते आहे.”

“पुढची लाव, मीनाक्षी,” आक्का म्हणाली.

पंचेचाळीसवर ठिपका होता. सेहेचाळीसवर होता. सुधाकरराव एकेक काच बघत गेले. प्रत्येकीवर जिथे रेघ शिरते तिथे हिरवा ठिपका, तीच खूण. मग बेचाळीस, मग तिच्या मागची. एक काच गेली म्हणून आक्काचं काम पुसलं गेलं नव्हतं. ते पेटीभर पसरलेलं होतं.

“हे ठिपके नंतरही काढता येतील,” अर्धापूरकर म्हणाला. आवाज आता गोल राहिला नव्हता.

“मग तुमी काढून दाखवा,” आक्का म्हणाली. “बसा इथं. शाई देतो मी. ही रेघ चव्वेचाळीसमधून पंचेचाळीसमधे न्या. नुसती एक काच. शिकाऊ पोरी पहिल्या आठवड्यात शिकायच्या हे.”

तो स्टुलापर्यंत गेला नाही. सुधाकररावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते अजून काचेतच होते.

मग मी बाकीचं सांगितलं. कोपऱ्याचं, इचोड्याच्या स्टँडचं, किल्लीचं. उद्धवरावांनी दाराशी उभं राहून मान हलवली, तोंडाने मात्र “हो” म्हणवेना. शेवटी मी म्हणाले, “दुसऱ्या कुणी चोरली असती तर ती नुसती चोरी. पण याने एकटी त्रेचाळीस नेली, आणि त्यातच कबुली दिली, की हे काम याने कधी केलं नाही.”

“काच कुठे आहे?” सुधाकररावांनी विचारलं.

अर्धापूरकरने चष्मा काढला. “इचोड्याला जाताना… गाडीतून रस्त्यावर टाकली.”

नागपूर-हैदराबादचा रस्ता. रात्रंदिवस ट्रक.

आक्का खाली बसली. नाव आता मिळणार होतं, पण ती रडत होती, मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. “फोडायची काऊन रे? तुझं नाव तर लागलंच होतं ना पुढं! वीस वर्षं लागलेलं होतं! तो तारा जगात एकच होता. नवीन पोरांना दाखवायचा होता मले. मीनाक्षीले सुद्धा अजून दाखवला नव्हता मी, नीट दाखवीन म्हणून ठेवला होता.”

मीनाक्षी तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली.

“ओळ तुमच्या नावाने जाईल, बाई,” सुधाकरराव हळूच म्हणाले. “फक्त तुमच्या.”

बाहेर सनई सुरू झाली. कलेक्टरांची जीप आली होती.

“दमयंती,” अर्धापूरकर पुढे झाला. “झालं ते झालं. ग्रंथात तुझं नाव येऊ दे, मी हरकत घेणार नाही. पण हे इथेच राहू दे. माझं वय बघ. गावासमोर नको.”

“पोलिसात जाते मी,” मी म्हणाले. “आत्ता.”

आक्काने डोळे पुसले आणि उठली. “पोलिस नको, कुमू. त्यांना काच म्हणजे काचच वाटेल. सत्कार होऊ दे.”

“आक्का!”

“होऊ दे म्हणतो ना मी.”

७

मांडव खचाखच भरला होता. जैनथकडचे शेतकरी, कचेरीतले कारकून, मास्तर, पोरं, पोरी. आपल्या भागातला मोठा शास्त्रज्ञ बघायला सगळे आले होते. उद्धवरावांनी हार घातला. सुई अखेर कुणीतरी ओवून दिली असावी. आक्का पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. वेणी घातलेली, पायात माझ्या चपला.

तो मंचावर जाण्याआधी तिने अर्धापूरकरला काय सांगितलं ते मला ठाऊक होतं: तू बोल, नाहीतर मी बोलते, आणि मी सगळंच बोलीन.

अर्धापूरकर माईकसमोर उभा राहिला. कागद हातात होता, पण तो त्याने उघडला नाही.

“आदिलाबादकरहो,” तो म्हणाला. “ज्या शोधामुळे तुम्ही माझा सत्कार करता आहात तो आम्ही तिघांनी…”

“तिघांनी नाई,” आक्का म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण पहिली रांग वळली, मग दुसरी. कलेक्टरांनी मान पुढे केली.

अर्धापूरकरने घाम पुसला. “या शोधात माझ्या सहकारी दमयंतीबाई यांचा मोठा वाटा…”

“वाटा नाई.” आक्का उभी राहिली. “परत सांगा. माईक जवळ घ्या.”

मांडवात एक मूल रडत होतं, त्याच्या आईने त्याला छातीशी धरलं. उद्धवरावांनी मंचावर डोळे मिटून घेतले होते. बोल, मी मनात म्हणत होते. एकदा तरी पूर्ण वाक्य बोल.

“तो तारा,” अर्धापूरकर म्हणाला, “डॉ. दमयंती वसमतकर यांना सापडला. त्याच्या रेघा त्यांनी शोधल्या. लेख त्यांनी लिहिला. त्यातलं काम मी केलेलं नाही.”

कुणीतरी सवयीने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने, मग सगळा मांडव वाजू लागला, निम्म्यांना काय झालं ते न कळताच. मीनाक्षी हुंदके देत टाळ्या पिटत होती. मीही उठले. अर्धापूरकर सुटल्यासारखा खुर्चीकडे वळला.

“थांबा,” आक्का म्हणाली, आणि टाळ्या विरल्या. “त्या प्लेटचं काय केलं ते बी सांगा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. कलेक्टरांकडे पाहिलं. ती उभीच होती.

मग त्याने तेही सांगितलं.